हौशे, नवशे, गवशे आणि निळा कागद

इन्स्टाग्रामवर ‘सायनोटाइप’ टाकून शोधा आणि थोडा वेळ खाली सरकवत राहा. गडद निळ्या कागदावर पांढरं नेच्याचं पान दिसेल. त्याखाली आणखी एक नेच्याचं पान. मग एखादं पीस, एखादी गुलबक्षी, नाजूक गवताचा तुरा, आणि पुन्हा नेचा. रील असेल तर क्रमही ठरलेला: ब्रशने पिवळट-हिरवं द्रावण फासणं, काचेखाली पान दाबणं, गच्चीवर ऊन, नळाखाली कागद धरणं आणि पाण्यात हळूहळू उमलणारा तो निळा. संगीत पियानोचं. शेवटी धुतलेला कागद दोरीवर, चिमट्यांनी अडकवलेला.

मला हे बघायला आवडतं. त्यामुळे पुढचं सगळं चिडून लिहिलेलं नाही. पण चित्रकला आणि फोटोग्राफी यांच्या सीमेवर छंद म्हणून चाललेल्या अशा कामाबद्दल आपल्याकडे बोललं कसं जातं, याचा मला वैताग आहे. एक तर “वा, किती सुंदर” म्हणून हार्ट ठोकायचं, नाहीतर “हौशी आहे हो” म्हणून सोडून द्यायचं. दोन्हींत बघणं होत नाही. ज्या कामासाठी कुणी रविवार घालवला आणि बोटं निळी करून घेतली, ते चांगलं झालंय की सुमार, आणि का, एवढं तरी त्याला सांगायला हवं.

‘हौशी’ हा शब्द आपण विनाकारण पातळ करून ठेवला आहे. राज्य नाट्यस्पर्धेत तो अजून मानाने उभा असतो. दिवसभर बँकेत नाहीतर शाळेत नोकरी करून रात्री तालमीला येणाऱ्या माणसाला तिथे हौशी म्हटलेलं कमीपणाचं वाटत नाही. चित्र किंवा फोटोच्या बाबतीत मात्र त्याच शब्दाचा अर्थ ‘फार मनावर घेऊ नका’ असा होतो. जत्रेला हौशे, नवशे आणि गवशे येतात, असं आपल्याकडे म्हणतात. हौशे मजेसाठी, नवशे नवस फेडायला, आणि गवशे काही हाती लागतंय का ते बघायला. त्यातला गवशा हा नेहमी थोडा बदनाम, जवळजवळ खिसेकापूच. सीमेवरच्या या प्रयोगांचा इतिहास बघितला तर ही बदनामी उलटी करावीशी वाटते.

निळ्या कागदापासूनच सुरुवात करू. सायनोटाइपची कृती जॉन हर्शेल या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८४२ मध्ये शोधली. ‘फोटोग्राफी’, ‘निगेटिव्ह’, ‘पॉझिटिव्ह’ हे शब्द रुळवणारा माणूस तोच. कृती सोपी आहे. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणं मिसळून कागदावर फासायची आणि कागद अंधारात वाळवायचा. उन्हातले अतिनील किरण पडले की लोहाचं रूप बदलतं आणि फेरिसायनाइडशी त्याची गाठ पडून प्रशियन ब्लू तयार होतो. हा रंग पाण्यात विरघळत नाही. जिथे सावली होती तिथलं द्रावण धुऊन जातं आणि कागद पांढरा राहतो. कॅमेरा लागत नाही, डार्करूमही लागत नाही. आपण ज्याला ‘ब्लू प्रिंट’ म्हणतो ते घराचे आणि पुलांचे नकाशे पुढे कित्येक दशकं याच पद्धतीने निघत होते. म्हणजे ज्याची आज कविता झाली आहे, ते मधल्या काळात ऑफिसातलं झेरॉक्स होतं.

हर्शेलच्या शोधानंतर वर्षभरातच, १८४३ मध्ये, अॅना अॅटकिन्सने ‘फोटोग्राफ्स ऑफ ब्रिटिश अॅल्गी’चा पहिला भाग काढला. फोटोंनी सजलेलं हे पहिलं पुस्तक मानतात. तिचे वडील ब्रिटिश म्युझियममध्ये होते आणि हर्शेलशी त्यांचा स्नेह होता. अॅटकिन्स मुळात चित्र काढणारी. वडिलांनी शंखशिंपल्यांवरच्या लामार्कच्या ग्रंथाचा अनुवाद केला, त्यासाठी तिने दोनशेहून अधिक चित्रं काढून दिली होती. म्हणजे तिला चित्र येत नव्हतं म्हणून ती फोटोकडे वळली असं नाही. विल्यम हार्वी यांचं समुद्री शैवालांवरचं पुस्तक १८४१ मध्ये आलं होतं आणि त्यात चित्रंच नव्हती. काही शैवालं इतकी बारीक असतात की त्यांचं अचूक चित्र काढणं हाताच्या आवाक्याबाहेरचं आहे, हे तिला चित्र काढण्याच्या अनुभवातूनच कळलं होतं. ती अडचण घेऊन ती निळ्या कागदाकडे आली.

नेचेवाल्या रील्समध्ये आणि अॅटकिन्समध्ये फरक इथे पडतो, आणि तो जुन्या-नव्याचा नाही. तिचं एखादं पान उघडून बघा (न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने आपली प्रत ऑनलाइन ठेवली आहे, ती प्रत एकेकाळी खुद्द हर्शेलची होती). शैवाल कागदावर थेट ठेवलेलं असल्यामुळे ते खऱ्या आकाराचं आहे, ना मोठं, ना लहान. फांद्या एकमेकींवर येणार नाहीत अशा पसरलेल्या आहेत, पण पूर्ण सरळ केलेल्या नाहीत. वनस्पतीचा मूळ कल तसाच ठेवला आहे. जिथे पातं पातळ आहे तिथून थोडा प्रकाश झिरपलाय, म्हणून तिथे पांढरा नाही, आकाशी आहे. त्या आकाशीवरून आपल्याला पात्याची जाडी कळते. खाली लॅटिन नाव तिच्याच हस्ताक्षरात, तेही उन्हातच छापलेलं. समुद्रातली वनस्पती निळ्यावर तरंगताना दिसते हे तिने ठरवलेलं नव्हतं, दुसरा रंग मिळणारच नव्हता. पण एकदा ते जमून आलंय म्हटल्यावर, पान कुठे ठेवायचं आणि भोवती किती निळं मोकळं सोडायचं हे मात्र तिने नक्की ठरवलेलं दिसतं. ही चित्रकाराची नजर आहे.

उणिवाही आहेत. पृष्ठभागावरचं काहीच दिसत नाही. लाल शैवाल आणि हिरवं शैवाल इथे एकाच रंगाचं. ज्या कामासाठी हे केलं, त्या ओळख पटवण्याच्या कामात चांगल्या चित्रकाराचं रंगीत चित्र काही बाबतींत सरसच ठरलं असतं. तरीही ती हे दहा वर्षं करत राहिली, १८५३ पर्यंत. सुमारे चारशे छापांचं पुस्तक, आणि प्रत्येक प्रतीसाठी प्रत्येक कागद पुन्हा फासायचा, पुन्हा उन्हात ठेवायचा, पुन्हा धुवायचा. दहा-बारा प्रती धरल्या तरी चार-पाच हजार कागद होतात, तेही इंग्लंडच्या उन्हात. पुस्तक तिने विकलं नाही. ओळखीच्या लोकांना आणि संस्थांना दिलं. वर सही फक्त ‘ए. ए.’ अशी. पुढे या अक्षरांचा अर्थ कुणाला लागेना, तेव्हा ती ‘अॅनॉनिमस अमॅच्युअर’ची अक्षरं असावीत असाही तर्क झाला. अनामिक हौशी! तर्क चुकला, पण वर्णन फारसं चुकलं नाही.

आता रीलमधला नेचा घ्या. तो तिथे का आहे? नेचा चपटा असतो, काचेखाली नीट बसतो, कडा कातरलेल्या असल्यामुळे छाप हमखास ‘छान’ येतो. उत्तर आधीच माहीत आहे. किट विकत घेतलं की सोबतच्या चिठ्ठीवरही नेचाच छापलेला असतो. म्हणजे हाताने द्रावण फासलं, ऊन वापरलं, पाणी वापरलं, सगळं ‘अॅनालॉग’ केलं, आणि तरी जे झालं ते फिल्टरच झालं. फोनवरच्या ‘ऑइल पेंटिंग’ इफेक्टला नाकं मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. साहित्य जुनं वापरलं म्हणून कुणी प्रयोगशील होत नाही. प्रयोग म्हणायला निदान एक प्रश्न हवा, ज्याचं उत्तर करणाऱ्याला ठाऊक नाही.

याच हर्शेलचा एक फोटो १८६७ चा आहे. म्हातारा चेहरा, पाणावलेले डोळे, पांढरे केस डोक्याभोवती पिंजल्यासारखे पसरलेले, बाकी सगळा अंधार. फोटो काढण्याआधी त्याला केस धुवायला लावले होते असं सांगतात. काढणारी ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. (हो, आडनाव खरंच कॅमेरॉन.) जन्म कोलकात्याचा, १८१५ चा. अठ्ठेचाळीस वर्षांची असताना मुलीने आणि जावयाने तिला कॅमेरा भेट दिला, वेळ जावा म्हणून. तिने कोळशाच्या खोलीची डार्करूम केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ. तेव्हाची पद्धत ओल्या कलोडियनची: काचेवर रसायन फासा, ते ओलं आहे तोवर फोटो घ्या आणि ओलं आहे तोवर डेव्हलप करा. तिच्या काचांवर ओरखडे आहेत, बोटांचे ठसे आहेत, रसायनाचे ओघळ आहेत, आणि फोकस तर बहुतेकदा सुटलेलाच. फोटोग्राफीच्या नियतकालिकांनी तिला यावरून झोडपलं. तिचं म्हणणं साधारण असं होतं की भिंग फिरवताना जिथे दृश्य सुंदर वाटलं तिथे ती थांबली. बाकीचे आणखी फिरवून कडा धारदार करतात, ती करत नव्हती.

कॅमेरॉनला आज कुणी नावं ठेवत नाही, म्हणूनच तिच्याबद्दल जरा नीट बोललं पाहिजे. तिच्या कामाचे दोन ढीग करता येतात. एका ढिगात चेहरे: हर्शेल, कार्लाइल, तिच्या घरातल्या मोलकरणी, भाच्या. दुसऱ्यात प्रसंग: टेनिसनच्या काव्यातले राजे-राण्या, देवदूत, मेरी आणि बाळ. दुसरा ढीग मला बघवत नाही. शाली गुंडाळलेले शेजारी, पुठ्ठ्याचे वाटावेत असे पंख लावलेली कंटाळलेली मुलं. शाळेच्या स्नेहसंमेलनातला देखावा आठवतो. दोन्ही ढिगांत ती चित्रकलेकडूनच उसनं घेते आहे. पण प्रसंगांत ती चित्रकलेचे कपडे उसने घेते. चेहऱ्यांत ती चित्रकलेचा एक प्रश्न उसना घेते: एका बाजूने प्रकाश आला आणि चेहऱ्याचा अर्धा भाग अंधारात गेला, तर माणूस कमी दिसतो की जास्त? रेम्ब्रांटने तो रंगात सोडवला होता. फोटोत तो कसा सुटतो हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, तिलाही नाही. सुटलेला फोकस आणि हलणारा श्वास हे तिच्या उत्तराचे भाग झाले. पुढे ती छाप विकायला लागली, म्युझियमने तिच्याकडून घेतले, म्हणजे ‘निव्वळ हौशी’ ती राहिली नाही. पण पद्धत शेवटपर्यंत गवशाचीच होती: करून बघायचं, काय सापडतंय ते बघायचं.

कपडे की प्रश्न, ही चाचणी मला फार उपयोगाची वाटते. पुढच्या पिढीतले नवशे त्यावर सपशेल नापास होतात.

नवशे म्हणजे पिक्टोरियलिस्ट. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोडॅकमुळे कुणीही बटण दाबू लागलं, तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या सुखवस्तू हौशी फोटोग्राफरांनी जणू नवसच केला की फोटोग्राफी ही कला आहे हे सिद्ध करून दाखवू. सिद्ध कसं करायचं? फोटो चित्रासारखा दिसला पाहिजे. त्यांचा एक म्होरक्या पॅरिसचा रॉबेर दमाशी. घर बँकवाल्यांचं, पोटापाण्याची चिंता नाही, वेळ भरपूर. त्याचं हत्यार गम बायक्रोमेट. आपल्या बाभळीच्या डिंकाच्या भाऊबंदांपैकी असलेल्या गम अरेबिकमध्ये जलरंग आणि पोटॅशियम डायक्रोमेट मिसळून कागदावर फासायचं आणि निगेटिव्हखाली उन्हात ठेवायचं. ऊन लागेल तिथला डिंक घट्ट होतो, बाकीचा पाण्यात सुटतो. तो सुटत असताना ब्रशने हवं ते काढून टाकता येतं, ओरबाडता येतं. (घरी करून बघण्याच्या उत्साही लोकांसाठी: डायक्रोमेट विषारी आहे आणि कर्करोगकारकही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे करू नये.)

दमाशीचा हात अप्रतिम होता यात शंका नाही. त्याच्या बॅलेच्या मुली बघा. रंगमंचामागे उभ्या, झग्यांवर ब्रशचे फटकारे, कडा पुसलेल्या. आणि बघताक्षणी तोंडून निघतं: देगा! एदगार देगाने अशा मुली आयुष्यभर रंगवल्या. दमाशीच्या फोटोला मिळणारी सर्वांत मोठी दाद म्हणजे तो दुसऱ्याच्या चित्रासारखा दिसतो, ही. नवस फिटला. पण फोटोने काय केलं? फोटो कच्चा माल म्हणून आला आणि त्याच्यावर कपडे चढवून त्याला मिरवणुकीत बसवलं.

गंमत याच्या पुढे आहे. याच काळात, १८९५ मध्ये, खुद्द देगाला फोटोग्राफीचा छंद लागला. छंदच, कारण ते फोटो त्याने आपलं काम म्हणून पुढे केले नाहीत. रात्री मित्रांकडे जेवायला जायचं आणि जेवण झाल्यावर यजमानांना दिव्यांच्या उजेडात हलू न देता बसवायचं. त्यातला एक फोटो प्रसिद्ध आहे. चित्रकार रेनवार सोफ्यावर, कवी मालार्मे त्याच्या बाजूला भिंतीला टेकून, मागे आरसा. आरशात कॅमेरा दिसतो आणि कॅमेऱ्याजवळ देगा. पण देगाचा चेहरा नाहीच. दिव्याच्या झगझगाटात तो विरघळून गेला आहे. आरशाच्या खोलीत मालार्मेची बायको आणि मुलगी भुतासारख्या पुसट. पॉल व्हॅलेरीने लिहून ठेवलं आहे की यासाठी नऊ दिवे लागले आणि पाव तास निश्चल बसावं लागलं. देगा म्हातारा होत होता, नजर अधू होत चालली होती. अशा माणसाच्या हातात नवं यंत्र आलं, तर तो बॅलेच्या मुलींपाशीच थांबला नाही. त्याने विचारलं, अंधारात किती दिसतं? आणि बघणाऱ्याला स्वतःला बघता येतं का?

म्हणजे फोटोग्राफर देगासारखी चित्रं करण्यासाठी जिवाचं रान करत होते आणि देगा मात्र देगासारखे नसलेले फोटो काढत बसला होता. या एका जोडीत मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली दिसते.

एक दुरुस्ती मात्र करायला हवी, नाहीतर ‘शुद्ध फोटो तेवढा खरा’ असं सोवळं नेसल्यासारखं होईल. दमाशीच्या काळात फ्रेडरिक इव्हान्स नावाचा लंडनचा पुस्तकविक्रेता निगेटिव्हला बोटसुद्धा लावायचं नाही अशा मताचा होता. वेल्स कॅथीड्रलच्या झिजलेल्या पायऱ्यांचा त्याचा १९०३ चा फोटो म्हणजे समुद्राच्या लाटाच. तो उत्तम आहे, पण हात न लावल्यामुळे उत्तम आहे असं नाही. आपल्याकडे तर हात लावण्याची परंपरा फोटोइतकीच जुनी. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्याशी संबंधित होते. त्यानंतर थोड्याच वर्षांत देशभरचे स्टुडिओ चित्रकारांना हाताशी घेऊन फोटो रंगवू लागले. पुष्कळदा रंग इतका जाड की खालचा फोटो फक्त चेहऱ्यापुरता उरायचा. शालू, दागिने, गालिचा, मागचा महाल, सगळं ब्रशचं. जुन्या वाड्यांतल्या भिंतींवर असे आजोबा अजून सापडतात, गाल किंचित गुलाबी, फेटा ताजा लाल. ते फोटो कला म्हणून मिरवायला केले नव्हते. माणूस जसा आठवणीत हवा तसा करून घेतला होता. तिथे रंगाला काम होतं.

आणि छंदाचा विषय निघालाच आहे तर उमरावसिंग शेरगिल यांना वगळून चालणार नाही. अमृता शेरगिलचे वडील, संस्कृत-फारसीचे अभ्यासक, जन्म १८७०. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे कित्येक दशकं हा माणूस स्वतःचे आणि घरच्यांचे फोटो काढत राहिला. गिऱ्हाईक नाही, प्रदर्शन नाही. उघड्या अंगाने योगाच्या आसनात, पुस्तकांसमोर, आरशासमोर. आणि मुलगी ईझलपाशी. नीट बघितलं तर ही स्वतःची चित्रं फार अस्वस्थ करतात, कारण ती कुणाला दाखवण्यासाठी नाहीत आणि तरीही प्रत्येकात तो कुणीतरी बनून बसला आहे. त्यांचा नातू विवान सुंदरम याने २००१-०२ मध्ये हे फोटो आणि अमृताची चित्रं संगणकावर एकत्र सांधून ‘री-टेक ऑफ अमृता’ ही मालिका केली. एकाच चौकटीत वेगवेगळ्या वर्षांची अमृता, तिच्यामागे तिचंच चित्र, बाजूला आरशात वडील. फोटोशॉपचं काम आहे, सांधे जवळजवळ दिसत नाहीत. मला ते सांधे दिसायला हवे होते असं अनेकदा वाटतं. इतकी सफाई आली की ते कुटुंब एका सुंदर सिनेमातलं वाटू लागतं. पण वडिलांच्या छंदाने घरात काय केलं, मुलीला सतत बघणारा कॅमेरा आणि मुलीने स्वतःला रंगवणं यांचं नातं काय, हा प्रश्न त्या मालिकेशिवाय इतक्या ठळकपणे पुढे आला नसता. तिथे तंत्र प्रश्नाच्या मागे गेलं आहे.

फोनकडे येऊ. फिल्टर वाईट का? ‘सोपा आहे म्हणून’ हे उत्तर मला पटत नाही. सोपं असण्यात पाप नाही. सायनोटाइपही सोपाच आहे. ‘पेंटिंग’ इफेक्ट वाईट आहे कारण त्याला समोर काय आहे याच्याशी देणंघेणं नाही. आजीचा चेहरा, मिसळीची प्लेट, सिंहगडावरचं धुकं, सगळ्यांवर एकाच जाडीचे फटकारे. खरा चित्रकार गालावर एक ब्रश वापरतो आणि ढगावर दुसरा, किंवा मुद्दाम तोच वापरतो. दोन्ही वेळा त्याने काहीतरी ठरवलेलं असतं. फिल्टरमध्ये ठरवणारा माणूस कॅलिफोर्नियात कुठेतरी बसलेला असतो आणि त्याने आजीला बघितलेलं नाही.

पण त्याच फोनवर वेगळंही होतं. डेव्हिड हॉकनीने १९८२ पासून पोलरॉइड आणि साध्या लॅब-प्रिंटचे तुकडे जोडून चित्रं केली. हा चित्रकार फोटोवर नाराज होता: फोटो एका डोळ्याने, एका क्षणात बघतो, आपण तसं बघत नाही, ही त्याची तक्रार. मग त्याने एकाच दृश्याचे पन्नास-शंभर फोटो वेगवेगळ्या क्षणी काढून जुळवले. १९८२ च्या नोव्हेंबरमधला त्याच्या आईचा एक जोड-फोटो आहे. यॉर्कशरच्या बोल्टन अॅबीत, भग्न मठाच्या आवारात, थडग्यांमध्ये ती बसली आहे. तुकड्यातुकड्याने नजर तिच्या चेहऱ्यापाशी जाते, मग खाली ओल्या गवतावर येते, आणि अगदी खालच्या कडेला मुलाच्या बुटांची टोकं दिसतात. ती टोकं बघितली की कळतं, हा समोर उभा आहे आणि थोड्या अंतरावरून म्हाताऱ्या आईकडे बघतो आहे. एका फोटोत हे आलं नसतं, कारण एका फोटोत आईकडे बघताना आपले बूट दिसत नाहीत. पुढे १९८६ चा ‘पेअरब्लॉसम हायवे’ सातशेहून अधिक फोटोंचा आहे. तो जास्त प्रसिद्ध, जास्त हुशार, आणि मला आईच्या फोटोपेक्षा थंड वाटतो. तिथे पद्धत पक्की झाली होती.

गेर्हार्ड रिश्टरचं उलटं. लॅबमधून आलेले दहा बाय पंधरा सेंटिमीटरचे घरगुती फोटो, सहलीचे, बायकामुलांचे. मोठी चित्रं करताना पट्टीवर उरलेल्या रंगात तो हे फोटो दाबून ओढतो. रंग कुठे बसेल हे अर्धंच त्याच्या हातात. काही वेळा मुलाचा चेहरा जातो आणि एक निरर्थक झुडूप उरतं. जगातल्या महागड्या चित्रकारांपैकी एकाचं हे काम उरलेल्या रंगाचं आहे, दिवस संपतानाचं, आकाराने पोस्टकार्डाएवढं. त्याच्या भव्य कॅनव्हासांपुढे मी कौतुकाने उभा राहतो. या छोट्या फोटोंपुढे मात्र थबकतो.

या दोन्ही गोष्टींना महागडं काही लागत नाही. गॅलरीत पडलेले फोटो, कोपऱ्यावरच्या दुकानातले प्रिंट, उरलेला पोस्टर कलर. म्हणूनच छंदवाल्यांकडून अपेक्षा जास्त ठेवायला हवी, कमी नाही. धंदेवाईक फोटोग्राफरला लग्नाचा अल्बम वेळेत द्यायचा असतो. त्याने प्रश्न विचारत बसू नये हेच बरं. हौशी माणसाला कुणी डेडलाइन दिलेली नाही. असं असताना तो रीलचा क्रम पाळत बसतो, कारण जत्रेत आता लाइक्सचा नवस आला आहे. छंद होता तोवर फसलेला कागद फसलेला होता. तो कंटेंट झाला की फसणं परवडत नाही, आणि मग नेचाच बरा.

निळ्या कागदाकडे फसण्याच्या जागा इतक्या आहेत की नवल वाटावं. प्रशियन ब्लूला अल्कधर्मी काही सोसत नाही. धुण्याच्या सोड्यात कागद बुडवला तर निळा उडून पिवळट डाग राहतात, आणि तोच कागद मग कडक चहात टाकला की चहातलं टॅनिन लोहाशी जुळून तपकिरी-काळा होतो. बोअरच्या जड पाण्यात धुतला तर निळा नळाच्या पाण्यासारखा येईलच असं नाही. जुलैच्या ढगाळ दुपारी जे उमटायला अर्धा तास लागतो ते एप्रिलच्या उन्हात काही मिनिटांत जळून गडद होतं. दमट हवेत फासलेला कागद लवकर वाळतच नाही. उजेडात टांगून फिकट झालेला छाप काही काळ अंधाऱ्या कपाटात ठेवला तर त्याचा निळा बराचसा परत येतो. कोकणातल्या माणसाचा आणि लातूरच्या माणसाचा सायनोटाइप सारखा दिसायचं काही कारणच नाही. तरी सगळे सारखे दिसतात, कारण जो फरक पडतो तो ‘बिघडलं’ म्हणून कचऱ्यात जातो आणि पोस्ट होतो तो एकच छाप.

छाप काढण्याआधी नीट काम करणारे लोक एक पट्टी करतात. कागदाचा अरुंद तुकडा घेऊन त्यावर पुठ्ठा टप्प्याटप्प्याने सरकवत जायचं, म्हणजे एका टोकाला दोन मिनिटांचं ऊन, पुढे चार, आठ, सोळा. धुतल्यावर पायऱ्यापायऱ्यांनी गडद होत गेलेला निळा मिळतो. त्यावर पान नसतं, फूल नसतं. ही पट्टी फार कुणी पोस्ट करत नाही. पण कधीमधी एखादी दिसते, कडा वाकड्या, एका पायरीवर अंगठ्याचा ठसा, आणि बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं: ‘ढग आले, वीस मिनिटं, तरी फिकट’. तिथे मी स्क्रोल करायचा थांबतो.